आमची तक्रार नाही

रविवारी दुपारी साडेबाराला औषधाच्या दुकानातला फोन वाजला, तेव्हा ताई एका आजोबांना डोळ्यात थेंब कसे घालायचे ते दाखवत होती. फोन तिच्या धाकट्या बहिणीचा होता.

"ताई, आधी ऐकून घे, घाबरू नकोस," छोटी म्हणाली. तिच्या आवाजात एरवी कायम असायचं ते हसू नव्हतं. "आई पडली. म्हणजे फार नाही. बुटांच्या दुकानात. आम्ही आता एक्स-रे काढायला आलोय."

ताईनं थेंबांची बाटली खाली ठेवली. नंतर तिनं स्वतःची बरीच समजूत घालून बघितली, पण खरं होतं ते एवढंच, की काळजी पहिली आली नाही. पहिलं जे मनात आलं ते असं: बघ, पडली ना तुझ्याबरोबर? माझ्याबरोबर सहा वर्षांत एकदाही पडली नाही. काळजी त्याच्या मागून धापा टाकत आली.

आई एक्क्याऐंशीची. वडील गेल्यापासून, म्हणजे सहा वर्षं, ती थोरल्या लेकीकडे राहत होती. ताई चौपन्न वर्षांची, औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट. दुकानातले लोक तिला ताई म्हणत, गिऱ्हाइकंही ताईच म्हणत. आईच्या गोळ्यांची सात खणांची डबी ती भरायची, कानातल्या यंत्राची बॅटरी तीच बदलायची, पायाची नखं तीच कापायची. आई पलीकडच्या खोलीत खोकली, तर तो घशातला खोकला आहे की छातीतला, हे तिला झोपेतही कळायचं.

छोटी शेहेचाळीसची, तरी घरात छोटीच. ती लोकांना मोटार चालवायला शिकवायची. शहराच्या दुसऱ्या टोकाला एकटी राहायची आणि रविवारी सकाळी दारात येऊन दोनदा हॉर्न वाजवायची. सोमवार ते शनिवार केस विंचर म्हणून आईच्या तीन तीनदा पाठीस लागावं लागे. रविवारी मात्र ती आठ वाजताच पावडर लावून, पर्स मांडीवर घेऊन खुर्चीत तयार. हॉर्न वाजला की मागे वळून न बघता निघायची. संध्याकाळी परतायची ती गाल लाल करून. मग बुधवारपर्यंत "छोटीनं मला हे दाखवलं" आणि "छोटीनं मला तिथं नेलं" चालायचं. खालच्या मजल्यावरच्या बाईंना ती छोटीच्या गोष्टी रंगवून सांगायची. ताईबद्दल कुणी विचारलं तर म्हणायची, "ती आहे ना. ती सगळं बघते." पाण्याच्या टाकीबद्दल सांगावं तसं.

ताई एक्स-रेच्या जागी पोचली तेव्हा आई बाकावर बसून उजव्या हातानं बिस्किट खात होती. डाव्या मनगटाला क्रेप बँडेज होतं आणि पायात चकचकीत पिवळे बूट.

"हाड शाबूत आहे म्हणाले," आईनं अभिमानानं सांगितलं. "या वयात असं हाड बघायला मिळत नाही म्हणे. नुसती मुरगळ. आणि छोटीनं मला काय अलगद उचललं गं, कापूस उचलावा तसं!"

म्हणजे पडण्याचं श्रेयही छोटीलाच.

"हे पायात काय घातलंयस?" ताईनं विचारलं.

"बूट."

"ते दिसतंय मला. तुझे काळे कुठे आहेत?"

"खोक्यात," आई म्हणाली आणि बिस्किटाकडे बघू लागली.

ते काळे बूट ताईनं तीन दुकानं पालथी घालून आणले होते. रुंद तळाचे, पट्ट्याचे, डॉक्टरांनी सांगितले तसे. आईनं ते मुकाट्यानं घातले होते आणि वर्षभर त्यांच्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता.

"पडली कशी पण?"

"पाय सटकला," आई म्हणाली. त्याच वेळी छोटी म्हणाली, "चटईत अडकला." दोघींनी एकमेकींकडे बघितलं. ते बघणं ताईला खुपलं. तिला वाटलं, आपण नसताना या दोघींचं एक घर असतं, आणि त्या घराची किल्ली आपल्याजवळ नाही.

*

तक्रार करायचं तिनं सोमवारीच ठरवलं. औषधाच्या दुकानातल्या वहीच्या पाठकोऱ्या कागदावर चार ओळी लिहायला घेतल्या, त्या मंगळवारपर्यंत दोन पानं झाल्या. तिचा नवरा नकाशे छापणाऱ्या छापखान्यात मुद्रितं तपासायचा. समोर आलेला कुठलाही मजकूर त्याला पेन्सिल हातात घेतल्याशिवाय वाचता येत नसे. दुसऱ्या पानावर तो थांबला.

"'वृद्ध ग्राहकासोबत आलेल्या व्यक्तीचं त्या वेळी पुरेसं लक्ष होतं का, याचीही चौकशी व्हावी.' हे दुकानाला लिहिलंयस?"

"मग कुणाला?"

"नाही, मला वाटलं पाकिटावरचा पत्ता चुकलाय."

ताईनं कागद त्याच्या हातून ओढून घेतला. "तुझं काय जातं? तिचे केस मी विंचरतेय, बटणं मी लावतेय, एका हातानं आंघोळ कशी घालायची ते मला विचार. ती येणार रविवारी, हॉर्न वाजवणार, आणि..."

"आणि काय?"

"काही नाही."

बुधवारी दुपारी तिची पाळी लवकर संपली. ती सरळ बुटांच्या दुकानात गेली. खोके छतापर्यंत रचलेले, त्यांच्यापर्यंत पोचायला चाकांची शिडी, बसायला ठेंगणे बाक आणि घोट्याच्या उंचीवर लावलेले आरसे. आत नव्या चामड्याचा आणि गोंदाचा वास. दोन फळ्यांच्या मधून काथ्याची लांबलचक चटई गेली होती आणि तिचं एक टोक उचललं गेलं होतं. ताईनं ते चवड्यानं दाबलं. पाय काढल्याबरोबर ते पुन्हा वर आलं. तिनं त्याचे तीन फोटो काढले. तिला बरं वाटलं. निदान एक गोष्ट तरी तिच्या बाजूनं होती.

तक्रार घेऊन येणारी माणसं दोन प्रकारची, हे ती काउंटरच्या मागे उभी राहून शिकली होती. ओरडणारी, आणि हळू बोलणारी. ओरडणाऱ्यांना पाणी दिलं की ती निवतात. हळू बोलणाऱ्यांची भीती वाटते. म्हणून ती अगदी हळू बोलली.

मॅनेजर उंच, खांद्यात वाकलेला, कानावर पेन्सिल खोवलेला माणूस होता. त्यानं तिला बाकावर बसवलं, सगळं ऐकून घेतलं, मधे एकदाही तोंड घातलं नाही. मग म्हणाला, "नोंद आहे आमच्याकडे त्या दिवसाची," आणि एक जाड वही आणली. तारीख, वेळ, 'वयस्कर बाई, तोल गेला, मनगट दुखावलं.' त्याखाली छोटीच्या ऐसपैस अक्षरात लिहिलं होतं: 'आमची तक्रार नाही.' खाली सही, पत्ता, आणि नात्याच्या रकान्यात: 'मुलगी'.

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"आमची म्हणजे कुणाची?" हळू बोलायचं ती विसरली. "मला कुणी विचारलं?"

"आपण कोण?" मॅनेजरनं अदबीनं विचारलं.

"मुलगी."

"मग त्या परवाच्या?"

"त्याही मुलगीच. पण मोठी मी. आई माझ्याकडे असते."

'माझ्याकडे' हा शब्द तिच्या तोंडून दुकानाच्या पाटीसारखा निघाला. मॅनेजरनं मान डोलावली. तिला वाटलं, याला सगळं कळलं. आणि त्याला कळलं म्हणून तिला अधिकच राग आला.

"तुमच्याकडे कॅमेरा आहे ना?" ती म्हणाली. "मला बघायचंय. सोबतच्या बाईंचं लक्ष कुठे होतं ते बघायचंय."

त्यानं जरा विचार केला. मग त्या दिवशी आईला बूट दाखवणाऱ्या बाईंना हाक मारली. पन्नाशीच्या, गोल चेहऱ्याच्या, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेल्या त्या बाई लगबगीनं आल्या. तिघं मागच्या खोलीत गेली. तिथं रिकाम्या खोक्यांच्या गराड्यात एक टेबल आणि त्यावर छोटा पडदा होता. मॅनेजरनं रविवारची वेळ शोधली. चित्र स्वच्छ होतं, आवाज मात्र नव्हता.

आई बाकावर बसली होती. छोटी जमिनीवर गुडघे टेकून तिच्या पिवळ्या बुटांची नाडी बांधत होती. आईनं काहीतरी म्हटलं, छोटीनं वर बघून उत्तर दिलं. मग आई उठली. कुणाचा हात न धरता उठली. आरशापाशी गेली, एक पाऊल पुढे करून बघितलं, दुसरं करून बघितलं.

"आजी म्हणजे काय सांगू तुम्हाला!" बाई म्हणाल्या. आठवणीनंच त्यांना हसू आलं होतं. "अर्धा तास आम्हाला नुसतं हसवत होत्या. आता बघा, आता बघा हं."

पडद्यावर आई ताठ उभी राहिली. हनुवटी आत घेतली, एक हात कमरेवर ठेवला, दुसऱ्या हाताचं बोट वर केलं आणि तुरुतुरु, टाचा आपटत चालू लागली. चार पावलांवर थांबून तिनं नसलेला चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढला आणि त्याच्यावरून छोटीकडे रोखून बघितलं. छोटी पोट धरून वाकली. मागे उभ्या असलेल्या या बाईही तोंडाला हात लावून हसत होत्या.

"घरी कुणीतरी हेडबाई आहेत म्हणे त्यांच्या," बाई सांगू लागल्या. "त्यांची नक्कल. 'पाणी प्यालीस का? किती प्यालीस? खरं सांग. गोळी घेतलीस की उशीखाली ठेवलीस?' अगदी असं बोट करून..."

"थांबवा," ताई म्हणाली. "जरा मागे घ्या. नीट घ्या."

बाईंनी तिच्याकडे बघितलं. ताईचं बोट वर होतं. चष्मा नाकाच्या शेंड्यावर उतरला होता आणि ती त्याच्यावरून पडद्याकडे रोखून बघत होती. बाईंचं वाक्य जिथल्या तिथं थिजलं. मॅनेजरनं कानावरची पेन्सिल काढली, तिच्या टोकाकडे बघितलं आणि पुन्हा कानावर ठेवली.

ताईनं बोट खाली घेतलं. हात मांडीवर ठेवला आणि दुसऱ्या हातानं झाकला.

पुढचं तीन सेकंदांचं होतं. आई हेडबाईच्या तोऱ्यात मागे मागे सरकत गेली, टाच चटईच्या उचललेल्या टोकात अडकली आणि ती बाजूला कोसळली. छोटी हसत होती, दोन हातांच्या अंतरावर होती, आणि तिचं लक्ष नव्हतं. ताई जे बघायला आली होती ते तिला मिळालं होतं. अगदी स्वच्छ, तारीख-वेळेसकट.

"पुन्हा लावा," ती म्हणाली. "पहिल्यापासून."

दुसऱ्यांदा तिनं पडणं बघितलंच नाही. तिनं आईची पाठ बघितली. ती पाठ इतकी सरळ होते, हे तिला ठाऊक नव्हतं. तिच्या घरात ती पाठ कायम वाकलेली असायची. डॉक्टरांकडे, जेवताना, डबीतली गोळी घेताना. सहा वर्षं तिनं त्या पाठीला तेल लावलं होतं, आणि ती सरळ झाली ती दुसरीला हसवण्यासाठी.

चित्र पुढे गेलं. आई जमिनीवर बसलेली. छोटी तिच्यासमोर, चेहरा पांढराफटक, आणि मग एकाएकी लहान मुलीसारखी रडायला लागलेली. आणि आई, जिचं मनगट सुजत चाललं होतं ती आई, चांगला हात उचलून छोटीच्या डोक्यावर ठेवत होती. थोपटत होती. काहीतरी म्हणत होती.

"काय म्हणाल्या तेव्हा?" ताईनं विचारलं.

बाई आता जपून बोलत होत्या. "म्हणाल्या, रडू नकोस, मला काही झालं नाही. आणि म्हणाल्या..."

"म्हणा."

"मोठीला सांगू नकोस, कशामुळे पडले ते."

आईचा हात आपल्या डोक्यावर शेवटचा कधी आला होता, हे ताई आठवू लागली. वडील गेले त्या दिवशी? नाही, तेव्हा थोपटत होती ती ताई होती. तिच्या स्वतःच्या आजारपणात? तेव्हा तर ती अंथरुणातून आईच्या गोळ्यांच्या वेळा सांगत होती. आपल्याला कुणी थोपटावं अशी वेळच तिनं येऊ दिली नव्हती. बुटांच्या दुकानाच्या जमिनीवर बसून रडणाऱ्या त्या शेहेचाळीस वर्षांच्या बाईचा तिला हेवा वाटला.

तिनं पिशवीतून तक्रारीची दोन पानं काढली, सोबतच्या व्यक्तीबद्दलचं वाक्य काट मारून खोडलं आणि पानं मॅनेजरपुढे ठेवली. "चटईचं टोक उचललंय. फोटो आहेत माझ्याकडे. उद्या दुसरं कुणी पडेल. मला लेखी उत्तर हवं."

"मिळेल," तो म्हणाला. "आजच खिळे मारून घेतो."

ती दारापर्यंत गेली तोवर बाई मागून आल्या. "ताई, त्या मायेनंच करत होत्या हो. मी बघत होते ना."

"माहीत आहे मला," ताई म्हणाली. तिला माहीत नव्हतं.

*

घरी तिनं कुणाला काही सांगितलं नाही. पण चार दिवस तिला स्वतःच्या हातांचं काय करावं ते सुचेना. बोलताना बोट वर जायला लागलं की ती हात पाठीमागे न्यायची. आई म्हणाली, "खांदा दुखतोय का तुझा? असा काय हात धरतेस?" चालताना टाचा आपटू नयेत म्हणून ती चवड्यांवर चालू लागली, तर नवरा दचकून म्हणाला, "केवढा दचकलो! अशी मांजरासारखी का येतेस?"

शनिवारी तिनं आइस्क्रीमचा डबा आणला. मनात म्हणाली, बघू या, गाल माझ्यामुळे लाल होतात का. वाटीत काढून आईपुढे ठेवलं.

आईनं वाटीकडे आणि मग तिच्याकडे संशयानं बघितलं. "माझे रिपोर्ट वाईट आलेत का?"

"नाही गं. सहज आणलं."

"साखर वाढेल ना?"

"एक दिवस चालतं."

"तूच म्हणतेस, एक दिवस एक दिवस करूनच वाढते." आईनं दोन चमचे खाल्ले आणि आज्ञाधारकपणे वाटी बाजूला केली. "उरलेलं उद्यासाठी ठेव. छोटी येईल, तिला आवडतं."

ताईनं उरलेलं आइस्क्रीम ओट्याशी उभं राहून स्वतः संपवलं. एकही चमचा छोटीसाठी ठेवला नाही.

रविवारी हॉर्न वाजला नाही. छोटी सरळ वर आली, हातात एक पाकीट घेऊन. नोंदवहीत पत्ता तिचा होता, त्यामुळे दुकानाचं उत्तर तिच्याकडे गेलं होतं.

"'आपल्या भगिनी प्रत्यक्ष येऊन गेल्या,'" तिनं उभ्या उभ्या वाचून दाखवलं. "'चित्रण पाहून त्यांनी दाखवलेला दोष आम्ही दूर केला आहे. झाल्या त्रासाबद्दल दिलगीर आहोत.' ताई, तू गेली होतीस तिथे?"

पर्स मांडीवर घेऊन बसलेल्या आईचा हात पर्सच्या बंदावर घट्ट झाला.

"चित्रण बघितलंस?" आईनं बारीक आवाजात विचारलं.

"दोनदा."

पर्सचा बंद बोटाभोवती गुंडाळला गेला, सुटला. मग आई म्हणाली, "बूट कसे दिसत होते?"

ताईला हसू येईल असं छोटीला वाटलं असावं, कारण ती आधीच हसायच्या तयारीत होती. पण ताई हसली नाही.

"मी अशी चालते?"

"ताई, ती नुसती गंमत..."

"तुला नाही विचारलं."

"मी जास्त करून दाखवते," आई म्हणाली. "समोरच्याला हसू यायला हवं ना."

"किती जास्त?"

आईनं प्रामाणिकपणे विचार केला. "थोडंसं," ती म्हणाली. आणि मग, "फार नाही."

ताई उठून स्वयंपाकघरात गेली. चहाचं आधण ठेवलं. छोटी मागून आली आणि दाराला टेकून उभी राहिली.

"रागावलीस?"

"मला रागावायची सोय कुठे आहे? रागावले की तुमच्या नाटकाला नवीन प्रवेश मिळतो."

"तसं नाही गं."

"मग कसं? मी दिवसभर राबते आणि तुम्ही दोघी माझ्यावर हसता. माझ्यासमोर ती कधी उभी तरी राहते का अशी? मी आणलेले बूट खोक्यात टाकून आली. मी आणलेलं आइस्क्रीम तुझ्यासाठी ठेवत होती. मी तिची कोण आहे, नर्स?"

छोटीनं पातेल्याकडे बघितलं. चहाला उकळी येत होती, ती दोघींनाही दिसत होती, पण कुणी गॅस कमी केला नाही.

"मागच्या वर्षी तू नणंदेकडे गेली होतीस तेव्हा आई दोन दिवस माझ्याकडे होती," छोटी म्हणाली. "तिला खोकला होता. मला उठवलं नाही तिनं. मी शेजारच्या खोलीत झोपले होते, मला पत्ताच नाही. सकाळी म्हणते, ताईला कळलं असतं. ते आंघोळीचंही तसंच. माझ्याकडून पाठ चोळून घ्यायची नाही. म्हणते, राहू दे, घरी गेल्यावर ताई करेल. घरी! मी तिला कुठेही नेलं तरी चारच्या पुढे तिचं लक्ष घड्याळाकडे. माझ्याशी ती पाहुण्यांशी वागावं तशी वागते, ताई. पाहुण्यांना हसवतात."

"खोकला कसला होता?" ताईनं विचारलं. "कोरडा?"

"बघ!" छोटी म्हणाली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

ताईला बरं वाटलं. छोटीला काहीतरी मिळत नव्हतं आणि ते आपल्याला मिळत होतं, हे ऐकून तिला फार बरं वाटलं, आणि तसं वाटल्याची तिला लाजही वाटली नाही. फक्त एवढ्यानं तिचं पोट भरेना. ती पाठ अजून तिच्या डोळ्यांसमोरून जात नव्हती.

"मग ने तिला," ती एकदम म्हणाली. "आठ दिवस ने. बघ कशी पाहुण्यासारखी राहते ते."

हे ती टोचायला म्हणाली होती. पण छोटीचा चेहरा असा काही उजळला, की ताईला बोललेले शब्द परत गिळावेसे वाटले.

"खरंच? नेऊ?"

आता नाही म्हणायची सोय उरली नव्हती.

*

सोमवारी आई गेली. बरोबर गोळ्यांची भरलेली डबी, दोन बॅटऱ्या, दोन्ही बूट, आणि ताईनं लिहिलेली दोन पानांची यादी. नवऱ्यानं या वेळी पेन्सिल काढली नाही.

घर फारच नीटनेटकं राहिलं. ताई कामावरून यायची, आईच्या खोलीत डोकवायची आणि पलंगाची न सुरकुतलेली चादर उगाच सरळ करायची. तिला वाटलं होतं, हायसं वाटेल. उलट प्रत्येक फोननं जळफळाट वाढत गेला. सोमवारी संध्याकाळी फोन केला तर मागून आईच्या हसण्याचा आवाज. दोघी तळ्यावर गेल्या होत्या. मंगळवारी छोटी म्हणाली, आई गाडीत मागे बसून शिकणाऱ्या बाईंना सूचना देतेय, त्या बाईंना ती फार आवडली. बुधवारी तर आईला फोनवर यायलाच सवड नव्हती. "नंतर बोलते म्हणाली," छोटीनं सांगितलं. ताई ताटावरून उठली.

"अगं, खूश आहे म्हणजे चांगलंच ना?" नवरा म्हणाला.

"चांगलंच आहे," ताई म्हणाली. "मी कुठे वाईट म्हटलं?"

गुरुवारी तिनं फोन केलाच नाही. नाही करायचा म्हणजे नाही करायचा. सकाळचा गेला, दुपारचा गेला. दुकानात तिनं एका गिऱ्हाइकाला सर्दीच्या जागी पोटाची गोळी काढून दिली आणि मग रस्त्यापर्यंत धावत जाऊन परत आणली. असं तिच्या हातून बावीस वर्षांत झालं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी सातला छोटीचाच फोन आला. आवाज घोगरा होता, झोप न झालेल्या माणसासारखा. "ताई, ती पांढरी लांबट गोळी रिकाम्या पोटी की खाऊन? यादीत आहे गं, पण यादीवर आईनं चहा सांडला. आणि ती पाणी पीतच नाही. मी सांगून सांगून थकले. दोन बायकांचे तास बुडाले माझे. आणि काल रात्री..."

"खाऊन," ताई म्हणाली. "पाणी पेल्यात देऊ नकोस, पेला बघितला की नको म्हणते. बाटलीतून दे."

"बाटलीतून," छोटी म्हणाली. ती लिहून घेत होती. "थांब, आई बोलतेय."

फोन या हातातून त्या हातात गेल्याची खुडबुड झाली. आईचं यंत्र एकदा शिटी वाजवून गप्प झालं. मग नुसता तिचा श्वास ऐकू येत राहिला; छोटी तिथून जाण्याची ती वाट बघत असावी. एक दार लागलं.

"ताई," आई अगदी हळू, फोनला तोंड चिकटवून म्हणाली, "न्यायला कधी येतेस?"

एक एक अक्षर स्वच्छ ऐकू आलं होतं. ताईनं खुर्ची ओढली, बसली, फोन दुसऱ्या कानाला लावला.

"काय म्हणालीस, आई?" ती म्हणाली. "ऐकू नाही आलं. पुन्हा सांग."